करडईचा धूर

ऐन गुऱ्हाळात हंबीररावाच्या बैलांना लाळ-खुरकत झाली. आदल्या सांजेपर्यंत घाण्याभोवती फिरणारी जनावरं सकाळी मान खाली घालून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, खुरांच्या बेचक्यात जखमा पडल्या होत्या. एक पाय उचलायचा, ठेवायचा, मग दुसरा उचलायचा. पाणी दाखवलं तर नाक लावून मागं सरकायची. हंबीररावाची आई आक्का नाचण्याची आंबील घेऊन बसली आणि एकेका बैलाला बोटांनी चाटवू लागली. शेजाऱ्यांनी आपापली जनावरं लांब नेऊन बांधली, आणि बैल मागायला गेलेल्या हंबीररावाला लांबूनच हात हलवून परत पाठवलं. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. हा रोग बैलाच्या पायापेक्षा माणसाच्या पायानं जास्त हिंडतो.

ऊस मात्र तोडून पडला होता. उभ्या उसाला कळ काढता येते, तोडलेल्याला येत नाही. उन्हानं तो वाळतो, आतल्या आत रस आंबतो आणि मग कितीही जाळ घाला, गूळ बसत नाही. पंचगंगेकाठच्या त्या गावात ही गोष्ट पाळण्यातल्या पोरालाही माहीत होती, तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण हंबीररावाला ती नव्यानं सांगून जात होता. हंबीरराव गुऱ्हाळाच्या मांडवातून गोठ्यात जायचा, गोठ्यातून उसाच्या ढिगाकडं यायचा, एक कांडं मोडून वास घ्यायचा आणि फेकून द्यायचा. पटका सोडायचा, पुन्हा बांधायचा.

गुळव्या कृष्णात रस कढवायच्या रिकाम्या काहिलीच्या काठाशी विडी ओढत बसला होता. गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा तो. मांडवात त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला चांगलं माहीत होतं.

"उद्या सांजंपतोर घाणा लागला तर बघू," तो म्हणाला. "न्हायतर मी चुलवाण इझवून दुसऱ्या मांडवात जाईन. माझी बी पोरंबाळं हाईत."

"जा की. कुणी बांधून ठिवलंय?" हंबीरराव म्हणाला.

"जातो म्हटलं न्हाय. जाईन म्हटलं."

तेव्हा आक्कानं आंबिलीचा हात पदराला पुसला आणि त्या घरात कोणी फारसं काढत नव्हतं ते नाव काढलं. "ज्ञानूचं इंजिन हाय की," ती म्हणाली.

ज्ञानू हा हंबीररावाचा धाकटा भाऊ. विलायतेतल्या मोठ्या लढाईच्या आधी कोल्हापुरात तंबू ठोकून हलती चित्रं दाखवणारा एक खेळवाला आपला बाडबिस्तरा विकून निघाला, तेव्हा ज्ञानूनं त्याचं चाकांच्या गाड्यावरचं छोटं इंजिन उचलून आणलं. वीज करायचं यंत्रही त्याला जोडलेलं होतं. पहिल्या वर्षी त्यानं मांडवात एक दिवा लावला आणि अख्खं गाव काचेतला उजेड बघायला लोटलं. आक्कानं त्या दिव्याला हात जोडले. पुढं ज्ञानूनं इंजिनावर चालणारा आडवा चरक आणला, पट्टा चढवला आणि बैलाशिवाय ऊस गाळून दाखवला. मग लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं. चरक मांडवाच्या कोपऱ्यात राहिला, इंजिन गोठ्याच्या टोकाला गेलं आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या पडल्या. लढाई सरता सरता मानमोडीच्या साथीचा ताप आला, तो ज्ञानूला घेऊन गेला. मागं राहिली त्याची बायको बनाबाई आणि हे लोखंड. दोघांकडं बघायची घराची तऱ्हा साधारण सारखीच होती. टाकवत नाही, आणि उपयोग काय तो समजत नाही.

"त्ये पेटंल व्हय?" हंबीरराव म्हणाला. "बघू. पेटलं तर पेटलं. न्हाय पेटलं तर घण घालून मोडतो आन् चुलवाणाला त्येच्या जाळ्या करतो. भावाचं येड कुठवर गोठ्यात बांधू? आक्का, तिला सांग, पेंढ्या काढून ठिव म्हणावं."

'ती' चार हातांवर उसाचं पाचट गोळा करत होती. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी सरळ बोलायचं नाही, अशी रीत. बनाबाईनं सगळं ऐकलं होतं, पण आक्कानं तेच पुन्हा सांगेपर्यंत ती हलली नाही. रीत तिलाही पाळायची होती.

बनाबाई पेंढ्या उचलू लागली. लग्न होऊन आल्यापासून ती ऐकत आली होती की ज्ञानू येडा आणि इंजिन म्हणजे त्याचं येड. आता इंजिन चाललं तर तो शहाणा ठरणार होता. मोडलं तर जन्माचा येडा, आणि मेलेल्या माणसाला पुन्हा शहाणं ठरायची संधी कोण देतंय? तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत थोडी आशाही होती, ती जास्त त्रास देत होती.

अल्लाउद्दीनला नदीवरच्या पंपावरून बोलावून आणलं. खेळवाल्याच्या तंबूत हेच इंजिन तो सांभाळायचा, ज्ञानूलाही त्यानंच शिकवलं होतं. आता तो कोल्हापूरच्या अलीकडं कुणा इनामदाराच्या पाण्याच्या इंजिनावर चाकरीला होता. मोठ्या मिनतवारीनं उद्यापर्यंतची रजा काढून आला, तो बोलतच. माणूस कामाचा, पण त्याचं तोंड आधी सुरू व्हायचं आणि हात मागून.

"वैनी, ह्येच्या एकेका बोल्टाला मी नावानं वळखतो," त्यानं बनाबाईला सांगितलं. "दुपारला रस प्यायला बसूया."

सगळ्यांनी मिळून गाडा ओढत मांडवापाशी आणला. चाकं मातीत रुतली होती, ती उकरावी लागली. अल्लाउद्दीननं टाकी धुतली, पाण्याचा पिंप भरला, रॉकेल ओतलं. इंजिनाच्या टाळक्यावर लोखंडाचा एक गोळा होता. तो लाल झाल्याशिवाय इंजिन जागं व्हायचं नाही, म्हणून त्याच्याखाली बत्ती लावून सगळे भोवती बसले. बत्ती फुरफुरत होती. हंबीरराव बसला, उठला, पुन्हा बसला.

"झालं का?"

"तापू द्या की मालक. भाकरी बी तव्याबिगर फुगत न्हाय."

गोळा लाल झाला. हंबीररावानं मोठं चाक धरून झटका दिला. चाक घट्ट होतं, चिकटून फिरल्यासारखं फिरत होतं. दुसऱ्या झटक्याला त्याच्या तळहाताचं कातडं निघालं. तिसऱ्याला इंजिन खोकलं, चौथ्याला फाट् फाट् करत सुरू झालं, आणि पाठोपाठ धूर आला.

धूर म्हणजे किती! निळसर, पांढरा, जड. वर जायचा सोडून तो मांडवात शिरला आणि तिथंच बसून राहिला. माणसं डोळे चोळत बाहेर पळाली. गोठ्यातले आजारी बैलही कान टवकारून बघायला लागले. बनाबाई तेवढी जागची हलली नाही. डोळ्यांतून पाणी गळत असताना ती इंजिनाचा आवाज ऐकत होती. हा तो आवाज नव्हता. ज्ञानूच्या हातात ते ठणठणीत बोलायचं. आता ते दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं.

"बंद करा त्ये," कृष्णात बाहेरून ओरडला. "काहिलीत धूर मुरला तर गूळ खाणार कोण?"

"जरा दम धर. लई दिसांनी उठलंय," अल्लाउद्दीन म्हणाला आणि त्यानं पट्टा चढवला. चरक गरगरला. हंबीररावानं दोन ऊस तोंडाला दिले. ते अर्धे आत गेले, इंजिनाचा आवाज खाली खाली गेला आणि ते ऊस दातात धरूनच बंद पडलं.

मग सुरू झालं ते कुठं घोडं पेंड खातंय याचं शोधकाम. अल्लाउद्दीननं आधी रॉकेलवर बोट ठेवलं. लढाईपासून रॉकेलात पाणी घालतात, असं त्याचं मत होतं. सगळं रॉकेल फडक्यानं गाळलं. इंजिन पुन्हा तापवलं, पुन्हा फिरवलं, धूर तोच. मग त्यानं धुराड्यावर बोट ठेवलं. ते काढून आपटलं तर आतून कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, अळ्यांसकट. अल्लाउद्दीननं ते तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवलं.

"सापडला चोर. आता बघा," तो म्हणाला.

आता बघितलं. धूर उलट मोकळ्या वाटेनं दुप्पट आला.

"रोग रेड्याला आन् औषध पखालीला," कृष्णात म्हणाला आणि त्यानं नवी विडी पेटवली.

एव्हाना गावातले उंटावरचे शहाणे जमले होते. एकानं इंजिनाला नारळ फोडला नाही म्हणून हे झालं, असं सांगितलं. नारळ फोडला. दुसरा म्हणाला, नारळ इंजिनाला नव्हे, वेशीच्या मारुतीला पाहिजे होता. तिसऱ्यानं, ज्ञानूचा जीव त्यात अडकलाय, असं हळू आवाजात सांगितलं, पण बनाबाईला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. तिनं पदर तोंडावर ओढला. दिवस कलला, माणसं पांगली, आणि उसाच्या ढिगातून आंबूस वास यायला लागला. त्या रात्री त्या घरात नीट कोणी झोपलं असेल तर ते फक्त बैल.

सकाळी हंबीरराव लोहाराकडून घण घेऊन आला. तो त्यानं गाड्याच्या चाकाला टेकवून ठेवला. अल्लाउद्दीनचा चेहरा उतरला होता. आदल्या दिवसाची बढाई त्याच्या अंगाला आता टोचत होती, आणि टोचणी लागलेला माणूस गप्प बसत नाही, काहीतरी करून बसतो.

"आता एकच ऱ्हायलं," तो म्हणाला. "रॉकेल आत मारायची पिचकारी. तिचं भोक जरा मोठं करतो. एकदा तापवून बघतो, न्हाय झालं तर कानस लावतो."

"भोक मोठं केलं आन् बिघडलं तर?" आक्कानं विचारलं.

"मग त्ये भोक पुन्यांदा ल्हान करायला इलायतंला जायला पायजे. पर बिघडायचं न्हाय."

इंजिन पुन्हा सुरू केलं. वारा फिरला होता, त्यामुळं धूर या खेपेला घराकडं गेला. थोड्या वेळानं हंबीररावाची बायको चिमणाबाई हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून तणतणत बाहेर आली.

"कुणी फोडणी करपवली?" ती म्हणाली. "माझ्या चुलीवर तर दूध हाय. करडईचं त्याल जळाल्यागत वास सुटलाय घरभर."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाला त्यात काही वाटलं नाही. बनाबाईच्या हातातलं पाचट मात्र खाली पडलं. कालपासून हा वास तिच्या नाकात होता. ओळखीचा आहे एवढं कळत होतं, कुठला ते कळत नव्हतं. आता एकदम कळलं.

सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागणार होतं! वर्षभर बरणीतलं तेल कमी होतंय म्हणून चिमणाबाई ओरडत होती. एकदा तर ती चार बायकांच्या देखत म्हणाली होती की आमच्या घरातलं मांजर दोन पायांचं आहे. तेव्हा बनाबाई गप्प बसली होती. आता बोलली तर ते मांजर आपणच, हे सगळ्या गड्यांपुढं कबूल करायचं. गप्प बसली तर अल्लाउद्दीनची कानस पिचकारीवर बसणार होती. ती त्यानं फडक्यानं पुसायलाही घेतली होती.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "पिचकारीला हात लावू नगासा."

अल्लाउद्दीननं वर बघितलं. "का वैनी?"

"मी त्याल घातलंय त्येच्यात."

"कशात?"

बनाबाई पुढं झाली आणि तिनं इंजिन जिथून हवा ओढतं त्या भोकाकडं बोट केलं. "तोंडात," ती म्हणाली. "दर आवसंला. त्ये व्हते तवा त्येबी घालायचे. म्हणायचे, बंद इंजिनाला त्याल द्यावं लागतंय, न्हायतर आतनं गंजतंय. मला वाटलं, तोंडातनंच घालत असतील."

"त्यो कुपीतनं दोन थेंब घालायचा, आन् चाक फिरवायचा," अल्लाउद्दीन सावकाश म्हणाला. "तुमी किती घातलं?"

"पळीभर."

"आन् कसलं?"

"करडईचं."

गडी हसायला लागले. कृष्णातला हसता हसता ठसका लागला. "आरं, इंजिनाला उपास घडू दिला न्हाय पोरीनं," तो म्हणाला. "पापड बी द्यायचास की संगं."

"म्हंजे बरणीतलं त्याल..." चिमणाबाई पळी घेऊन पुढं आली.

"माझ्या वाटणीचं," बनाबाई म्हणाली. "वरीसभर मी कोरडीच चटणी खाल्ली. तू वाढत हुतीस, तू बघितलंस की."

चिमणाबाईला आठवलं असावं, कारण ती तिथंच थांबली. हंबीररावाचं कपाळ लाल झालं होतं. एवढी माणसं आपल्या घरावर हसतात हे त्याला सोसत नव्हतं.

"आक्का, इचार तिला," तो म्हणाला, "येड लागलं हुतं का म्हणावं."

आक्कानं काही विचारलं नाही. बनाबाई स्वतःच बोलली, आणि आक्काकडं बघून नाही, सगळ्यांपुढं, उघड्या तोंडानं.

"लागलं हुतं," ती म्हणाली. "मानमोडीत त्येस्नी पाणी गिळवंना. मी बी तापातच. सरकत सरकत गेले, पळी तोंडाला लावली, तर समदं पाणी गालावरनं खाली. परत लावली, परत खाली. पाणी पाणी म्हणायचे आन् एक थेंब आत जाईना. तसंच गेले. मग आवस आली. मी ह्येच्या तोंडात पळी ओतली, तर ह्येनं समदं घेतलं. भाईर काय आलं न्हाय. म्हणून मग दर आवसंला घालत गेले."

हसणं थांबलं होतं. मानमोडीनं त्या गावातलं एकही घर सोडलेलं नव्हतं. कृष्णातची दोन पोरं त्यात गेली होती, तो विडी विझवून भलतीकडं बघायला लागला. हंबीररावानं पटका सोडला आणि तो बांधायचं विसरून तसाच हातात धरून राहिला. भाऊ मेला त्या दिवशी तो दुसऱ्या खोलीत स्वतःच्या तापात पडलेला होता. ज्ञानू पाणी मागत गेला हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

अल्लाउद्दीननं कानस पिशवीत टाकली. "आन् मी राकेल गाळत बसलो," तो स्वतःशीच म्हणाला. "करडई वाळली की रोगणागत हुती. रिंगा धरल्या असतील. दट्ट्या भाईर काढाय पायजे."

इंजिन निवेपर्यंत कुणाला धीर नव्हता. ओल्या पोत्यांनी ते निववलं, फडकी गुंडाळून बोल्ट सोडवले. दट्ट्या निघता निघेना. हंबीररावानं पाय गाड्याला लावून दोर ओढला, अल्लाउद्दीननं आतून लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकलं, तेव्हा तो चिकट आवाज करत बाहेर आला. त्याच्या अंगावर पिवळ्या डिंकाचा थर होता. भोवतीच्या लोखंडी रिंगा खाचेत रुतून बसल्या होत्या. त्यांनी स्प्रिंगसारखं मोकळं राहायचं, तर त्या बोटानं हलत नव्हत्या. दाब सगळा बाजूनं निसटत होता, आणि आतलं तेल जळून धूर होत होता.

"ह्ये राकेलनं सुटायला दोन रोज लागतील," अल्लाउद्दीन म्हणाला आणि त्यानं उसाकडं बघितलं.

चिमणाबाई वाकून दट्ट्या बघत होती. तिनं नखानं तो डिंक खरवडला आणि नख नाकाला लावलं. "ह्ये तर माझ्या पापडाच्या कढईला बसतंय तसलंच," ती म्हणाली. "पापडखार घालून उकळल्याबिगर त्ये हलत न्हाय. आणू का?"

"लोखंडाला काय करत न्हाय न्हवं?"

"कढई का मातीची असती?"

काहिलीच्या चुलवाणावरच पाणी ठेवलं. पापडखार घातला. उकळत्या पाण्यात दट्ट्या दोराला बांधून सोडला. मग त्या दोघी जावा गोणपाटावर समोरासमोर बसल्या आणि घासू लागल्या. राखेला हात लावायचा नाही, लोखंडावर ओरखडा पडेल, असं अल्लाउद्दीननं बजावलं होतं. म्हणून नारळाची शेंडी आणि बांबूच्या कामट्या. खाचेत कामटी घालायची, डिंक उकरायचा, पुन्हा गरम पाण्यात बुडवायचं. खारानं बोटांची कातडी सुरकुतली, मग सोलली. पुरुष भोवती येरझाऱ्या घालत होते. आता त्यांच्या हाताला काही काम नव्हतं, आणि तेच त्यांना जड जात होतं.

"मी तुला चोर म्हटलं," चिमणाबाई मान वर न करता म्हणाली.

"म्हटलंस."

"मग तवाच तोंड का न्हाय उघडलंस?"

"काय सांगू? इंजिनाला जेवाय घालतीया म्हणून?"

चिमणाबाईनं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. मग बनाबाईलाही आलं. घरातल्या माणसांनी तिला हसताना बघून वर्ष होऊन गेलं होतं. एक रिंग खाचेतून सुटून टण्णकन वर आली तेव्हा दोघी दचकल्या आणि पुन्हा हसल्या.

रिंगा मोकळ्या झाल्या. अल्लाउद्दीननं सगळं जागच्या जागी बसवलं, इंजिनाचं खरं तेल कुपीत भरलं, गोळा तापवला. तो आता बोलत नव्हता. घण अजून चाकाला टेकलेला होता. हंबीररावानं तो उचलला, सगळे थबकले, आणि त्यानं तो पलीकडं, चाक फिरवताना पायात येणार नाही असा ठेवला.

इंजिन दुसऱ्याच झटक्याला लागलं. धूर आला, तसाच निळा आणि जड. कृष्णातनं काहिलीवर पोती टाकली. हंबीररावाचे डोळे अल्लाउद्दीनवर, अल्लाउद्दीनचे धुराड्यावर.

"नळ्यातलं जुनं जळतंय," अल्लाउद्दीन म्हणाला. "जळू द्या."

ते जळत राहिलं. अमावास्येमागून अमावास्या जी पळी पळी आत गेली होती ती सगळी धुराड्यातून बाहेर येत होती. बनाबाई त्या धुराकडं बघत उभी होती. इंजिन सुधारावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि धूर विरळ व्हायला लागला तसं काहीतरी हातातून निसटतंय असंही वाटत होतं. मग नुसती गरम हवा यायला लागली आणि ठणठणीत आवाज मांडवाला धडकला. तो आवाज तिनं ओळखला. ती मोठ्यानं रडली, सगळ्यांपुढं, आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

पट्टा चढवला, चरक फिरला, ऊस आत गेला आणि चिपाड होऊन पलीकडं पडला. ढिगाच्या वरच्या उसाचा रस आंबलाच होता. कृष्णातनं पहिल्या काहिलीचा पाक बोटावर घेतला, तार धरेना, तेव्हा ती काहील त्यानं जनावरांच्या वाट्याला सोडली. खालच्या उसाचा गूळ मात्र सांजेला बसला, पिवळा, चांगला. कृष्णातनं दुसऱ्या मांडवाचं नाव पुन्हा काढलं नाही.

अल्लाउद्दीनची रजा संपली होती. जाताना तो म्हणाला, "ह्येला सोडून कुणी हलायचं न्हाय. दाब पडला की राकेल वाढवायचं, कुपी बघायची, पाणी बघायचं. कान ठिवणारा माणूस पायजे."

हंबीररावानं माणसं डोळ्यांखालून घातली. जाळ घालणारा हलवता येत नव्हता, ऊस देणारा हलवता येत नव्हता, तो स्वतः उसाच्या हिरव्या वाढ्यांच्या मोळ्या बांधत होता.

"आक्का, तिला सांग..."

"तूच सांग की," आक्का म्हणाली. "ह्येच्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू येईना."

हंबीरराव इंजिनासमोर जाऊन उभा राहिला. "हितं कुणीतरी थांबाय पायजे," तो इंजिनालाच म्हणाला. "ज्येला आवाज कळतोय त्येनं थांबावं."

"थांबते," बनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उजाडल्यापासून तिथं होती. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. जाड ऊस गेला की आवाज खाली यायचा, त्याच्या आधीच तिचा हात रॉकेलच्या कळीवर गेलेला असायचा. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. बाईमाणूस इंजिनावर, म्हणून एकमेकांना कोपरानं ढोसायचे. तिला मान वळवून बघायला सवड नव्हती.

दुपारी चिमणाबाई भाकरीची पाटी घेऊन आली. गडी हात धुऊन ओळीनं बसले होते. ती त्यांच्यावरून सरळ इंजिनापाशी गेली.

"आमचं काय?" कृष्णातनं विचारलं.

"तुमचं हात मोकळं हाईत. थांबा जरा."

कृष्णात हंबीररावाकडं बघायला लागला. गड्यांच्या आधी बाईला भाकरी, ही कुठली पद्धत? हंबीरराव तांब्यातल्या पाण्याकडं बघत होता.

"तोंड उघड," चिमणाबाई म्हणाली.

"ठिव तिथं. खाती मागनं."

"मागनं कवा? ह्ये थांबणार हाय व्हय? आन् त्या हातानं खाणार? उघड म्हणते न्हवं."

बनाबाईनं एक हात कळीवर ठेवून तोंड उघडलं. चिमणाबाईनं भाकरीचा तुकडा वांग्याच्या कालवणात बुडवून तिच्या तोंडात घातला. बनाबाईनं तो चावला, चावतच राहिली. घास खाली जाईना. डोळे भरले, ते पुसायला हात रिकामा नव्हता.

"गीळ," चिमणाबाई इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, आणि तिनं तांब्या तिच्या ओठांना लावला. "सावकाश. मी हाय हितं."

बनाबाईनं घास गिळला, त्यावर पाणी प्यायली, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.